बारा पट जवळ

दहाव्याला मिरजेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवला नाही. मिलिंद बापटला ही बातमी ग्लासगोत फोनवरून कळली. वडिलांचे विधी चुलतभाऊ अतुलने केले होते. एकुलता एक मुलगा जाऊ शकला नव्हता, कारण त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या अर्जासोबत क्रॉयडनच्या सरकारी व्हिसा ऑफिसात होता. तो मधेच परत मागवला तर अर्ज मागे घेतल्यासारखं झालं असतं आणि मग देशच सोडावा लागला असता. २००६चा नोव्हेंबर होता. एप्रिलमध्ये नियम बदलल्यापासून भारतातून आलेल्या बऱ्याच ज्युनियर डॉक्टरांची हीच गत होती. मिलिंदचं हॉस्पिटलमधलं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपलं होतं आणि नवं मिळालं नव्हतं.

"सगळं बोलून पाहिलं रे," अतुल म्हणाला. "काकूंना सांभाळू म्हटलं. स्टुडिओ विकणार नाही म्हटलं. मिलिंदला नोकरी लागेल म्हटलं. समोर पिंपळावर शाळा भरल्यासारखे कावळे, पण एक खाली उतरेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. त्यांना पुढच्या घरी जायचं होतं."

"मग झालं की, दादा."

"तुझ्या आईला झालेलं नाही. ती जेवत नाहीये."

आईने फोन घेतला. आवाज बारीक होता, पण म्हणणं स्पष्ट होतं. त्यांचा जीव मिलिंदमध्ये अडकलाय. त्याने तिकडे स्वतःच्या हाताने पिंड ठेवावा, कावळा शिवला की फोटो पाठवावा. तोपर्यंत ती चहावर राहील.

"आई, इथले कावळे वेगळे असतात."

"कावळा तो कावळा. त्याला काही व्हिसा लागत नाही."

मिलिंदने अतुलला तिच्या मधुमेहाच्या गोळ्या ताबडतोब बंद करायला सांगितलं. उपाशीपोटी त्या घेतल्या तर काय होतं, हे त्याला वॉर्डात पाहून माहीत होतं. पण गोळ्या बंद ठेवूनही फार काळ निभावणार नव्हतं. आईचं वय सत्तरीपुढे होतं आणि मुळात अंगात काही नव्हतं.

त्याची बायको देविका वृद्धांच्या केअर होममधल्या कामावरून परत आली तेव्हा तो सिंकपाशी उभा राहून भाताचे गोळे वळत होता.

"नेटवरून एक कावळा उचल आणि चिकटव," ती म्हणाली. "आजच्या आज पाठव. त्या जेवतील."

"आईला?"

 मिलिंदच्या वडिलांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. ते फोटो काढायचे आणि आई आतल्या खोलीत खिडकीशी बसून निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायची. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यामुलींच्या गालावरचे व्रण तिने घालवले होते. चिकटवलेल्या कावळ्याची सावली कुठल्या बाजूला पडलीय, हे ती सगळ्यात आधी पाहणार होती.

त्या संध्याकाळी देविकाने बाथटबमध्ये बसवून त्याचं डोकं भादरलं. हे इतके दिवस राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या मागच्या हिरवळीवर त्याने कागदी ताटलीत पिंड ठेवला. तो दारात पोचायच्या आत एका सीगलने तो ताटलीसकट नेला. दुसरा पिंडही सीगलनेच नेला. मग तो टेकडीवरच्या क्वीन्स पार्कात गेला. तिथे कावळे होते, पण माणूस लांब बाकावर जाऊन बसल्याशिवाय ते खाली येत नव्हते. घरातल्या छोट्या कॅमेऱ्यात त्या अंतरावरून गवतावर एक काळा ठिपका आला. तो कावळा होता की कुत्र्याची विष्ठा, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या दुकानात काउंटरमागे मोझेस नवगावकर नावाचे म्हातारे गृहस्थ बसत. मराठी बोलणारे ज्यू. अलिबागकडचे, मग भायखळ्याचे, मग लंडनचे, आणि आता मुलीपाशी ग्लासगोत. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख झाली होती. त्यांनी मिलिंदच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं.

"कोण गेलं रे?"

"बाबा." आणि मग त्याने सगळंच सांगितलं.

मोझेसकाकांनी मान हलवली. कावळा शिवणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी कपाटातून दोन कॅमेरे काढून काचेवर ठेवले.

"हा डीएसएलआर. तीन वर्षांचा जुना, पण माणूस सरळ आहे. बटण दाबलंस की दाबलं. अंधूक उजेडात चित्र स्वच्छ. खोड एकच, लेन्स आखूड. लांबचं काही दिसायचं नाही, आणि मोठी लेन्स माझ्याकडे नाही." मग त्यांनी दुसरा उचलला. "हा ब्रिज कॅमेरा. नवाकोरा म्हण. बारा पट झूम, इथून समोरच्या बाईच्या कानातली कुडी दिसेल. पण डोळा लावलास की दिसतो तो छोटा टीव्ही. आणि बटण दाबल्यावर हा जरा विचार करतो."

"किती?"

"कावळ्याला पुरेल इतका. आणि ढगाळ दिवशी चित्रात रवा सांडतो. नुसते दाणे दाणे."

"इथे रोजच ढगाळ असतं, काका."

"म्हणून सांगतोय, जुना घे."

"पण तो जवळ येत नाही!" मिलिंदचा आवाज चढला तसं दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं. "मी जवळ असलो की येत नाही. आई तिकडे उपाशी आहे. मला लांबूनच काढायचाय."

मोझेसकाकांनी ब्रिज कॅमेरा खोक्यात भरला. "एकदा बदलून देईन. दुसऱ्यांदा मालक ओरडेल."

पार्कात बाकावरून पाहिलं तर कावळा खरोखर हातभर अंतरावर आला. चोचीवरची रेघ दिसत होती. तो पिंडाभोवती फिरला, मान तिरकी केली, चोच घातली. मिलिंदने बटण दाबलं. छोट्या पडद्यावर क्षणभर चित्र गोठलं, आणि फोटोत आला तो नुसता मोडलेला पिंड. त्याने नवा पिंड ठेवला. या वेळी शेपूट आली. तिसऱ्या खेपेला त्याने आधीच बटण दाबलं, तर कावळा अजून यायचाच होता. पिंड शिवला जात होता, रोज शिवला जात होता, आणि दाखवायला काही नव्हतं. त्याने फोनवर तसं सांगितलं.

"शिवला म्हणतोस?" आई म्हणाली.

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"जेवलास का विचारलं की तू रोज हो म्हणतोस. तसंच ना हे?"

 त्या दिवशी त्याच्या पोटात दोन बिस्किटं होती.

शेवटी एक फोटो मिळाला. दाणे होते, कडा फुटल्या होत्या, पण पक्षी पूर्ण होता आणि चोच भातात होती. विशेष म्हणजे त्याची मान राखाडी होती. पार्कातले बाकीचे कावळे नखशिखांत काळे, आपल्याकडच्या डोमकावळ्यासारखे. हा मात्र थेट मिरजेचा वाटत होता. मिलिंद धावत घरी आला. फोटो अतुलच्या ऑफिसच्या ईमेलवर गेला, अतुलने तो मोठ्या कागदावर छापून घेतला.

फोन आला तो अतुलचाच.

"काकूंनी भिंग लावून पाहिलं. म्हणतात, हा कावळा नाही. याचा डोळा पांढरा आहे."

मिलिंदने स्क्रीनवर फोटो मोठा केला. राखाडी मान, आखूड चोच, आणि तांदळाच्या कणीसारखा पांढुरका डोळा. इथे त्या पक्ष्याला जॅकडॉ म्हणतात, हे देविकाने शोधून काढलं. कावळ्याच्याच कुळातला, पण कावळा नव्हे. बारा पट झूम नसता तर तो डोळा कोणाला दिसला नसता.

"अजून एक," अतुल म्हणाला. "सकाळी ओट्यापाशी चक्कर येऊन बसल्या. सलाईन लावायला नेऊ म्हटलं तर हात लावू देत नाहीत. मिलिंद, तू डॉक्टर आहेस. मी काय करू?"

"उचलून ने."

"तुझी आई आहे रे ती. मी उचलून नेली आणि काही झालं तर?"

मिलिंदने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसला. क्रॉयडनला फोन करून पासपोर्ट परत मागायचा, अर्ज जाऊ द्यायचा, त्याच्याच व्हिसावर असलेला देविकाचा व्हिसाही जाऊ द्यायचा, आणि विमानात बसायचं. पासपोर्ट पोस्टाने यायला किती दिवस लागतील, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. तोवर आई राहील का?

"उद्याचा एक दिवस," देविका म्हणाली. "मी सुट्टी घेते. मग तू म्हणशील ते."

सकाळी दुकान उघडताच त्याने खोकं काउंटरवर ठेवलं. मोझेसकाकांनी फोटो पाहिला आणि हसू आवरलं.

"बाईंचा डोळा अजून शाबूत आहे. बरं, जुना नेतोयस तर ऐक. या लेन्सला जवळ बसावं लागेल. झुडपामागे नाही, उघड्यावर. हलायचं नाही. त्याला तुझी सवय झाली पाहिजे."

"आणि नाही आला तर?"

"आमच्यात माणूस गेला की घरचे सात दिवस जमिनीवर बसतात. आमच्यात कावळ्याला काही काम नाही, तरी बसतात. तू दुपारपर्यंत बस."

गवत ओलं होतं. मिलिंदने टोपी काढली, कारण टोपीला कावळे बिचकत होते, आणि पिंडापासून दोन हातांवर मांडी घालून बसला. देविका त्याच्या मागे कॅमेरा घेऊन उभी राहिली. अतुलने घाटावर म्हटलेलं सगळं त्याने म्हटलं. स्टुडिओ विकणार नाही. आईला सांभाळेन. कावळे झाडावरून पाहत होते. पाऊस नव्हता, पण हवेतून पाणी गळत होतं आणि ते त्याच्या डोक्यावरून ओघळून कॉलरमध्ये जात होतं.

"बाबा, मला नोकरी लागेल," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "नाही लागली तर काय करू ते तरी सांगा."

एक कावळा उतरला. पूर्ण काळा, मोठा. चालत चालत आला, थांबला, पुन्हा चालला. देविकाने कॅमेरा डोळ्याला लावला. ताटली आता कावळ्यापासून एका उडीवर होती.

तेवढ्यात टेकडीवरून एक पिवळा लॅब्राडोर धावत आला. कावळा उडाला, आणि कुत्र्याने दोन घासांत पिंड संपवून ताटली चाटली.

"सॉरी, दोस्त! खूप खूप सॉरी!" मालक लांबून ओरडला. जवळ आल्यावर त्याने मिलिंदकडे पाहिलं आणि काही न बोलता कुत्र्याला पट्ट्याने ओढून नेलं.

मिलिंद पुढे वाकला. त्याचं कपाळ गवताला टेकलं आणि तो तसाच राहिला. मागे शटरचा आवाज झाला.

"आता कशाचा काढलास?" तो मान वर न करता म्हणाला.

"माहीत नाही," देविका म्हणाली.

घरी त्याने तो फोटो पाहिला. आखूड लेन्समध्ये सगळं मावलं होतं. ओलं गवत, रिकामी ताटली, उघडी झाडं, फार लांब एक काळा ठिपका, आणि मधोमध त्याची स्वतःची पाठ. चित्र स्वच्छ होतं, जॅकेटच्या शिवणीसुद्धा मोजता आल्या असत्या. "यात कावळा कुठे आहे?" म्हणून तो पलंगावर जाऊन पडला. देविकाने फोटो पुसून टाकला नाही. अतुलला पाठवला आणि खाली लिहिलं, 'कावळा नाही. आईंना दाखवा.'

फोन वाजला तेव्हा मिलिंद उठला नाही. देविकानेच उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर त्याच्या कानाला लावला.

"मिलिंद," आई म्हणाली. आवाज इतका पडला होता की त्याने दुसरा कान हाताने झाकला. "डोकं कोणी केलं?"

"देविकाने."

"मागे केस राहिलेत. उजव्या कानामागे. आणि मान किती बारीक झालीय तुझी."

"आई, कावळा आला होता. काळा, खरा कावळा. अगदी जवळ आला होता, पण कुत्रं—"

"ते राहू दे."

 मागे अतुलच्या घरातला कुकर शिट्टी करत होता.

"तुझ्यात जीव अडकलाय त्यांचा, मी म्हटलं होतं ना," ती म्हणाली. "तर असू दे अडकलेला. इथे मला अतुल आहे. तिथे तुझ्याजवळ कोण आहे? राहू देत ते तिकडेच थोडे दिवस. तुझं मार्गी लागलं की जातील. आता पिंड ठेवू नकोस."

"आई, तू जेव आधी."

"तू जेवतोस का?"

या वेळी तो हो म्हणाला नाही. "नाही," तो म्हणाला.

"मग वाढून घे. मी फोन धरते."

देविकाने ताटलीत भात वाढला. पिंडासाठी शिजवलेलाच होता, वर दही घातलं. मिलिंदने पहिला घास घेतला आणि तिकडून अतुलचा आवाज आला, "काकू, सावकाश, गरम आहे." मग भांड्यावर चमचा लागल्याचा आवाज. मग पुन्हा.

"काय खातेयस?" मिलिंदने विचारलं.

"पेज," आई म्हणाली. "मीठ कमी आहे."

अतुलच्या कार्डावरचे पैसे संपले आणि फोन बंद पडला. मिलिंदने भात संपवला. देविका रेझर आणि मगमध्ये गरम पाणी घेऊन आली. त्याने मान खाली घातली. उजव्या कानामागे केस खरंच राहिले होते.