बदामाच्या झाडाखालची दुसरी खुर्ची

पद्मावतीबाई स्पेनला निघाल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे चार किलो होते आणि स्वयंपाकघर एकोणीस किलो. तीन लिटरचा कुकर, त्याची जादा रिंग, मिसळणाचा डबा, आंबट आमटीची हुळीपूड, साराची पूड, तूरडाळ, तांदूळ, पोळपाट, लाटणं आणि एका जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला चिंचेचा गोळा. विळीसुद्धा होती, पण ती संहितानं बाहेर काढून बंगळुरातल्या राजाजीनगरच्या घरात माळ्यावर टाकली.

"अम्मा, आपण सुट्टीला चाललोय. संसार थाटायला नाही."

बाईंना हसू आलं. संसार म्हणजे काय हे या मुलींना कळेल तेव्हा कळेल, असं त्या मनाशी म्हणाल्या. मुलीला ते तेव्हा पुरेपूर कळत होतं. बाईंना कळायला मात्र दिवाळी उलटून जावी लागली.

संहिता ही त्यांची एकुलती एक लेक. छत्तिशीची, सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. नवरा रविकिरण निपाणीचा, लग्नाला नऊ वर्षं झालेली, बनशंकरीत बिऱ्हाड. पद्मावतीबाईंचे यजमान हयवदनराव जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून लेकीनं एकच धोशा लावला होता: अम्मा, तू एकदा कुठंतरी नुसती बस. शेवटी मे महिन्यात तिनं स्पेनच्या दक्षिणेला, डोंगरातल्या एका खेड्याबाहेर आठ दिवसांसाठी घर घेतलं. हॉटेल नव्हे, घर. चूल, भांडी, सगळं असलेलं, आपलं आपण रांधून खायचं. रविकिरण येणार नव्हता. "त्याला रजा नाही," एवढंच ती म्हणाली आणि बाईंनी पुढं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण त्या वेळी त्या चिंच कशात गुंडाळावी या विचारात होत्या.

घर छान होतं. पांढऱ्याशुभ्र भिंती, खाली उतारावर ऑलिव्हच्या रांगा, आणि अंगणात एक बदामाचं झाड, हिरव्या मखमली फळांनी लगडलेलं. झाडाखाली एक छोटं टेबल आणि दोन वेताच्या खुर्च्या. घराची मालकीण एन्कार्ना म्हणून एक म्हातारी होती, ती उताराखाली राहायची. तिनं टेबलावर लिंबं, पाव आणि ऑलिव्ह तेलाची बाटली ठेवली होती. बाईंनी बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि बूच परत लावलं.

अंगण बघून त्यांना धारवाडच्या माहेरचं परसू आठवलं. एके काळी त्या परसात त्या चार महिने बसून होत्या. ती गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संहिता गावात जाऊन टोमॅटो, बीन्स, वांगी घेऊन आली आणि फ्रिजवर एक कागद चिकटवला. उरलेले सात दिवस, सात स्वयंपाक. मंगळवार, हुळी. बुधवार, चित्रान्न. असं पार पुढच्या सोमवारपर्यंत.

"हे काय गं?"

"हा आठवडा मी रांधणार. तू खुर्चीत बसून मला सांगायचं, मीठ कमी की जास्त."

आता दुसरी एखादी आई असती तर बसली असती. पण पद्मावतीबाईंच्या घरचं वळण वेगळं. ही मंडळी बंगळुरात येऊन कैक पिढ्या झाल्या, मराठीत निम्मं कन्नड मिसळलं, पण एक रीत काही सुटली नाही. माहेरवाशिणीनं भांड्याला हात लावायचा नाही.

"मी असेन तिथं तुझं माहेर," त्या म्हणाल्या. "सरक बाजूला. तिकडं ऑफिसातही राबतेस, घरीही राबतेस. इथं नुसती बस."

"अगं, पण मी तुला बसवायला आणलंय!"

"मी बसते की. कुकर होऊ दे, मग."

पहिल्या दिवशी दोघी हसत भांडल्या. दुसऱ्या दिवशी संहितानं भाजी चिरायला घेतली तेव्हा बाईंनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. तिसऱ्या दिवशी तिनं सुरी घेतलीच नाही. ती बदामाखाली जाऊन बसायची. शेजारची खुर्ची रिकामी. बाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची, पाठमोरी, मान जरा कलती, आणि त्यांचा जीव सुखावायचा. लेक विसावा घेतेय, आपण रांधतोय, याहून काय हवं! त्यांनी खिडकीतूनच तिचे फोटो काढले आणि भगिनी मंडळाच्या ग्रुपवर टाकले. 'माहेरपण, स्पेनमध्ये.' खाली बावीस जणींचे नमस्कार आले.

मधे एकदा समुद्र बघायला जायचं ठरलं. "तू ये जाऊन. तोवर मी पोळ्या करून ठेवते," बाई म्हणाल्या. संहिता एकटी गेली आणि दीड तासात परत आली.

"एवढ्यात?"

"एकटीनं काय बघायचं, अम्मा? जरा बस ना गं माझ्यापाशी. मला बोलायचंय."

"बोल की. मी ऐकतेय." आणि त्यांनी पुढची पोळी लाटायला घेतली.

संहिता दारात टेकून उभी राहिली. मग ती म्हणाली, "पवित्रा कशी आहे?"

पवित्रा म्हणजे राजाजीनगरात यांच्या समोरच राहणाऱ्या गुरुराज मास्तरांची मुलगी. तिनं आदल्या वर्षी घटस्फोट घेतला होता. विषय निघाल्यावर बाईंचं लाटणं जोरात चालू लागलं.

"तिला काय धाड भरलीय! तिच्या आईचे हाल बघ. हळदीकुंकवाला येईनाशी झाली बिचारी. पोरीनं स्वल्प कळ काढली असती तर काय बिघडलं असतं? माणूस मारकुटा नाही, दारुडा नाही."

"एवढंच पुरतं का, अम्मा?"

"नाही तर काय! ते जाऊ दे. तुझं तसलं काही नाही, म्हणून तर मी रात्री सुखानं झोपते. तुझे अप्पा गेले, पण तुझी मला एका पैची काळजी नाही. तेवढंच माझं सुख बघ."

संहितानं 'बरं' अशी मान हलवली. "सरी, अम्मा," ती म्हणाली आणि अंगणात गेली. त्यानंतर आठ दिवस संपेपर्यंत ती एकदाही 'बस ना' म्हणाली नाही. बाईंना वाटलं, पोरगी शेवटी शहाणी झाली.

निघताना एन्कार्ना आली. तिनं दोन्ही खुर्च्यांकडे बोट केलं, मग बाईंकडे, आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. बाई हसून "ग्रासियास" म्हणाल्या. आभाराचा तेवढाच एक शब्द त्यांना येत होता.

परत आल्यावर सगळं नेहमीसारखं सुरू झालं. संहिता रोज फोन करायची, रविवारी येऊन जेवून जायची. एकटीच यायची. "रवी कामात आहे," म्हणायची, आणि बाई त्याच्यासाठी डबा भरून द्यायच्या. ते डबे कोण खात होतं कोण जाणे.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी बेल वाजली. दारात रविकिरण. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन समया. लग्नात बाईंनीच दिलेल्या, त्यांच्या आजेसासूच्या.

"आई, ह्या तुमच्या," तो म्हणाला. "संहिता नव्या फ्लॅटवर घेऊन गेली नाही. आता मला त्या घरात ठेवून घ्यायला बरं वाटंना."

"कुठला नवा फ्लॅट?"

रविकिरणनं पिशवी खाली ठेवली. "आई, तुम्हाला माहीत आहे की. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या होऊन महिना झाला. तेवढं सांगायलाच तुम्हाला स्पेनला घेऊन गेली होती की ती."

पद्मावतीबाईंनी त्याला कॉफी दिली. सवयीनं उप्पिटाची बशीही पुढं केली. तो बिचारा खाली मान घालून खात होता आणि त्यांना त्याचा रागही येईना. जाताना तो पायांना हात लावून नमस्कार करायला वाकला, आणि त्या 'सुखी राहा' म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी फोनमधले फोटो उघडले. लेकीची पाठ आणि शेजारची रिकामी खुर्ची. दुसरा फोटो, तोच. तिसरा, तोच. आठ दिवसांचे अकरा फोटो होते आणि अकराही खिडकीतून काढलेले. जिनं बसावं म्हणून पोरीनं एवढा खटाटोप केला, ती बया फोटो काढत होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या तिथंच जमिनीवर बसून रडल्या.

मग उठून तोंड धुतलं आणि हात आपसूक तांदळाकडे गेले. चित्रान्न झालं, डबा भरला, झाकण लावलं. चप्पल पायात सरकवल्यावर त्यांचं डब्याकडे लक्ष गेलं. त्यांनी तो परत आत नेऊन ओट्यावर ठेवला. लेकीकडे रिकाम्या हातानं जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. टॅक्सीत पूर्ण रस्ताभर हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

सर्जापूर रोडवरचा फ्लॅट नवव्या मजल्यावर होता. पत्ता त्यांनी फोनवर विचारून घेतला होता. संहितानं काहीही न विचारता तो दिला होता, एवढ्यावरून दोघींना एकमेकींचं कळलं होतं. आत एक गादी, पुस्तकांची दोन खोकी, एक टेबल आणि एक खुर्ची होती. गॅसवर कुकर चढवलेला.

"बस, अम्मा." तिनं खुर्ची पुढं ओढली.

पद्मावतीबाई बसल्या. ओट्यावर बीन्स अर्धवट चिरलेल्या होत्या, हात शिवशिवत होते, पण त्या उठल्या नाहीत.

"रवी आला होता. सगळं सांगून गेला. चुकलं गं माझं. तू मला सांगायला नेलंस आणि मी ऐकलं नाही."

संहिता बीन्स चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

"सांगायला नव्हतं नेलं, अम्मा. विचारायला नेलं होतं."

"काय विचारायला?"

"राहू की जाऊ. तेव्हा माझं काहीच ठरलं नव्हतं. रवी वाईट नाही, तुलाही ठाऊक आहे. आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं. मला वाटलं, तुझं आणि अप्पांचं कधी असं झालं होतं का, ते तुला विचारावं. निवांत, झाडाखाली बसून. तू 'राहा' म्हणाली असतीस तर कदाचित राहिलेही असते. 'जा' म्हणाली असतीस तर जरा कमी रडत गेले असते."

झालं होतं. त्यांचं आणि हयवदनरावांचं नेमकं असंच झालं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्या ट्रंक घेऊन धारवाडला निघून गेल्या होत्या. चार महिने आईनं त्यांना कशालाही हात लावू दिला नाही. पण ती रोज दुपारी परसात त्यांच्या शेजारी येऊन बसायची, हातातलं काम टाकून. त्यातलं 'हात लावू दिला नाही' एवढंच यांच्या लक्षात राहिलं होतं. शेजारी बसणं राहून गेलं.

"संहिता, मी एकदा धारवाडला..."

"कुकर होऊ दे, अम्मा. मग सांग."

ती हे रागानं म्हणाली नव्हती. उलट अगदी मायेनं म्हणाली, आणि म्हणूनच पद्मावतीबाईंना ते जास्त लागलं. त्या शिट्ट्या मोजत राहिल्या.

जेवण वाढून झालं. भात, हुळी, पापड. फ्रिजवरच्या त्या कागदातला मंगळवार. संहितानं आईचं ताट टेबलावर ठेवलं आणि स्वतःचं हातात घेऊन ती ओट्याला टेकली.

"बस ना गं माझ्यापाशी."

"खुर्ची एकच आहे, अम्मा. जेव तू."

पद्मावतीबाई उठल्या. ताट दोन्ही हातांत धरून, गुडघ्यांची कुरकुर कानाआड टाकत त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि शेजारची फरशी हातानं थापटली. संहिता मग येऊन बसली. हुळीत मीठ कमी होतं. बाईंनी सांगितलं नाही, पुन्हा वाढून घेतली, आणि मग सगळं सांगितलं. ट्रंक, चार महिने, हयवदनरावांची पत्रं, परत का गेल्या आणि परत गेल्यावरही कितीदा वाटलं की उगाच आलो. सह्या होऊन गेल्या होत्या, आता या गोष्टीचा कुणाला उपयोग नव्हता, तरी त्या सांगत राहिल्या. संहितानं एक घासही घेतला नाही. तिच्या हातावरचा भात वाळून गेला.

"अम्मा," ती शेवटी म्हणाली, "हे तू मला तिथं का नाही सांगितलंस?"

पद्मावतीबाईंनी आपल्या ताटातला पापड मोडून तिच्या ताटात ठेवला.

"पोळ्या करत होते गं," त्या म्हणाल्या.