मालकांना विचारून सांगते

पंप दुरुस्तीच्या दुकानात कुणी भावासाठी घासाघीस करू लागलं की आई म्हणायची, "थांबा, मालकांना विचारून सांगते." मग मागच्या खोलीत जाऊन घोटभर पाणी प्यायची आणि बाहेर येऊन स्वतःचाच भाव मालकांचा म्हणून ठणकावून सांगायची. मालक, म्हणजे तिचा नवरा, जाऊन वर्षं लोटली होती. पण मालकांचं नाव निघालं की गिऱ्हाईक निमूट पैसे काढायचं.

पंतप्रधानपदाची दावेदार म्हणून लोकसभेला उभी राहिलेली बाई सपाटून हरली, तेव्हा तिच्या प्रचारात चपला झिजवलेली लेक दुकानात येऊन तणतणली, "लोकांना बाई का नको, तेच कळत नाही."

आई नट आवळत म्हणाली, "मीही नाही दिलं तिला मत. हुशार आहे गं, पण एवढा कारभार एकट्या बाईच्या शब्दावर कसा चालायचा?"

"मग हे दुकान कुणाच्या शब्दावर चालतं?"

आईने नट आणखी घट्ट आवळला. तेवढ्यात पंप न्यायला आलेला ठेकेदार म्हणाला, "थोडं कमी करा की. मालकांना विचारा हवं तर."

सवयीने आई उठली, मागच्या दारापर्यंत गेली आणि पाणी न पिताच परत फिरली.

"विचारायचं कुणाला? मालक मीच. भाव तोच राहील."

ठेकेदार हसला. "बरं, मालक आले की येतो," म्हणत पंप तिथेच ठेवून निघून गेला.

लेकीचा चेहरा पडला. आईने मात्र पुन्हा पाना उचलला.

"येऊ दे. तेव्हाही मीच भेटेन."