तांबडी रेघ

मार्लिस फ्रीझनला दूरच्या एका शहरातली एक गल्ली स्वतःच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होती. शहराचं नाव मी सांगत नाही. तिथलं ठिकाण एकदा दाखवून काय झालं, ते पुढे येईलच.

दिवसा ती विनिपेगमध्ये दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची. उरलेल्या वेळात ती जगाची नागरिक. निदान तिच्या प्रोफाइलवर तसं लिहिलेलं होतं. तिच्या गटात कुणी लिमाचं, कुणी ओस्लोचं. देशोदेशीचे अत्याचाराचे व्हिडिओ यायचे आणि ते खरे की बनावट, हे ही मंडळी घरबसल्या शोधून काढायची. पाण्याची टाकी, दुकानाची पाटी, भिंतीवरची सावली, सगळं उपग्रहाच्या फोटोंशी ताडून बघायची. गटाचा रिवाज असा, की नुसतं 'खरं आहे' म्हणून भागायचं नाही. कसं कळलं, ते चित्र काढून जगाला दाखवायचं.

त्या गल्लीत शिपाई पोरांना लाथा घालत होते. पडद्याआडून व्हिडिओ काढणारीने स्वतःचं नाव 'लिंबू' ठेवलं होतं. तिकडच्या सरकारने तो बनावट ठरवला, तेव्हा मार्लिस तहानभूक विसरून त्याच्या मागे लागली. मार खाणाऱ्या प्रत्येक पोराचा चेहरा तिने पुसट केला, एकही सुटू दिला नाही. मग कॅमेरा कुठे होता हे सिद्ध करायला गल्लीतून एक तांबडी रेघ काढली आणि नेऊन टेकवली तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला.

ते चित्र जगभर फिरलं. सरकार तोंडघशी पडलं. लिंबूचा मात्र एवढाच निरोप आला, 'खिडकी का दाखवलीत?' त्यानंतर काहीच आलं नाही.

मार्लिसने चित्र काढून टाकलं, पण ते आता कुणाकुणाच्या फोनमध्ये होतं, देव जाणे. रडू येईल म्हणून ती वाट बघत बसली. ते आलं नाही. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतली भुलीची सुई आपल्यालाच कुणी टोचलीय, असं तिला वाटत राहिलं.

शनिवारी दुपारी ओरेस्ट आला. गटात तिच्याच गावचा तेवढा एक, निवृत्त मास्तर. कडाक्याच्या थंडीत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून तिची वायर बाहेरच्या प्लगला लावून, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांचा डबा घेऊन, बूट आपटत तो आत शिरला.

"उठ गं, जगाच्या नागरिके! पेरोगी आणलेत. आमच्या हिने तुझ्यासाठी कांदा जास्त परतलाय."

"ठेवा तिकडे. लिंबूचं काही कळलं?"

ओरेस्टने कानटोपी काढली. "नाही. नेट बंद असेल. तिकडे सारखंच बंद करतात."

"बाकीच्यांचं चालू आहे, ओरेस्ट."

"हे बघ, चित्र मी तपासलं होतं. मलाही नाही दिसलं ते."

"दिसलं होतं. 'काय सुरेख रेघ आहे' असं लिहिलंत तुम्ही."

ओरेस्टने डब्याचं झाकण उगाच उघडून परत लावलं. तेवढ्यात दोघांचेही फोन वाजले. त्याच गल्लीत धाड पडल्यानंतरचा नवा व्हिडिओ आला होता, कुणा वाटसरूने काढलेला. तिथे धाड पडलीच नाही, असं सरकार म्हणत होतं.

"हे दुसऱ्या कुणाला तरी देतो," ओरेस्ट घाईने म्हणाला.

"कशाला? मला पाठ आहे."

पाव भाजणाऱ्याची पाटी जुळली. टाकी जुळली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला चौकटच नव्हती, वर भिंतभर काजळी होती. पडदा बाहेर लोंबत होता. मार्लिसने लिंबूचा जुना व्हिडिओ लावला. कडेला पडद्याची किनार दिसत होती, पिवळ्या पानांची. तीच होती.

"पुरे आता, पोरी," ओरेस्ट म्हणाला. "खाऊन घे."

तिने ऐकलं नाही. वाटसरूचा माग लागेल असं सगळं कापून तिने व्हिडिओ गटात टाकला आणि खाली लिहिलं, 'खरं आहे.'

ओस्लोहून लगेच विचारणा झाली, 'कसं कळलं? रेघ कुठेय?'

मार्लिसने लिहिलं, 'रेघ नाही. खिडकी ओळखते मी. ती मीच त्यांना दाखवली होती.'