सत्तेचाळीस नंबरचा फोन आणि अनंतरावांचा हातोडा

मी एक जुना मोबाइल फोन आहे, मित्रांनो. किती जुना, ते माझ्या काचेकडे पाहून कळेल. उजव्या कोपऱ्यातला तडा आता पार मधोमध आला आहे. माझ्या पाठीवर एक चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर निळ्या शाईने सत्तेचाळीस लिहिले आहे. तो माझा नंबर. कोणी हौसेने मला दुकानातून निवडले, वाढदिवसाला भेट दिले, असे भाग्य माझे नाही. मी पहिल्या दिवसापासून नोकरीवर.

माझी पहिली नोकरी चीनमधल्या एका गावठी वाटावी अशा कंपनीत होती. तिच्या नावाचा मराठीत अर्थ 'पांढरा बगळा'. मी आलो तेव्हा तिला आठ वर्षे झाली होती. जुने लोक सांगत की शेवयांच्या खानावळीवर दोन खोल्या होत्या, सहा जण होते आणि खालून सतत लसणाचा वास येत असे. ते कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ बनवत. नेटकॅफेत पोरे रांगा लावून ते खेळत. मग हातोहाती मोबाइल आले आणि नेटकॅफे ओस पडले. सहा जणांतल्या फांग मॅडम म्हणाल्या, आता खेळ खिशात मावला पाहिजे. दोघांना ते पटले नाही, ते सोडून गेले. राहिलेल्यांनी 'सुखी गाव' नावाचा खेळ काढला. आपली विहीर खोदायची, वांगी लावायची, बैल पाळायचे. साधेच काम, पण लोकांना त्याचे वेड लागले.

तेव्हा एका भिंतीला फळ्या ठोकून आम्ही ऐंशी फोन मांडलेले होतो. फांग मॅडमचा एक नियम होता. खेळाची नवी आवृत्ती निघाली की ती आधी सगळ्यात मंद फोनवर चालवायची. तिथे चालली तरच ती बाहेर सोडायची. सगळ्यात मंद कोण, हे सांगायला नकोच! बाकीचे चकचकीत फोन माझ्याकडे पाहून नाक मुरडत, पण माझ्यावाचून कोणाचे पान हलत नसे. फांग मॅडम स्वतः मला हातात धरत, माझी पाठ किती तापते ते गालाला लावून पाहत आणि मगच वहीत सही करत.

कंपनी वाढत गेली. सहाचे साठ झाले, साठाचे सहाशे. बारा मजल्यांची इमारत झाली. नव्या इमारतीत फळ्या नव्हत्या, वहीही नव्हती. वहीच्या जागी पडद्यावर एक चौकट आली. फोन तपासला की चौकटीत बरोबरची खूण करायची, झाले. जुने फोन मोडीत निघाले. मी वाचलो तो एकाच कारणाने. खेळ भारतात चालायला लागला होता, आणि तिथे माझ्यासारखे मंद फोन लाखोंच्या हातात होते. मला खोक्यात घालून थेट छत्तीसगडला, रायपूरला पाठवले.

खोके उघडले ते स्वरदाने. भनपुरीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका लहान घरात ती आईवडिलांबरोबर राहत होती आणि घरूनच कंपनीचे टेस्टिंगचे काम करत होती. तिने मला उन्हात, गच्चीवर, ट्रकच्या धुरळ्यात, दोन दांड्यांच्या नेटवर्कवर चालवून पाहिले. मे महिन्यात मी इतका तापायचो की ती मला ओल्या फडक्यावर ठेवायची. सुख होते, मित्रांनो. हाताला हात ओळखतो तसे मी तिच्या बोटांना ओळखू लागलो.

तिचे वडील अनंतराव नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. यार्डात मालगाडीचे डबे तपासायचे त्यांचे काम. लांब दांड्याच्या हातोड्याने एकेक चाक ठोकायचे, आवाज ऐकायचा आणि चाक बरे असेल तर डब्यावर खडूने खूण करायची. निवृत्त झाल्यावर तो हातोडा ते घरी घेऊन आले होते. दरवर्षी खंडेनवमीला पाटावर त्याची पूजा होई. ज्या वस्तूवर घर चालते, ती त्या दिवशी पाटावर बसणार, तिच्याकडून काम घ्यायचे नाही, आणि दसऱ्याची पूजा झाली की मगच उचलायची, हा त्यांचा शिरस्ता होता. तो मोडायची घरात कोणाची छाती नव्हती.

गोष्ट घडली ती माझ्या इथल्या तिसऱ्या वर्षी. नवमीच्या सकाळी अनंतरावांनी मला बंद केले आणि उचलले.

"बाबा, आज नको," स्वरदा म्हणाली. "आज पाच वाजेपर्यंत ह्याच्यावर नवी आवृत्ती तपासायची आहे."

"काहून नको? वर्षभर राबवून राहिली ना त्याले? आज हा घरचा कमावता आहे. एक दिवस बसू दे माह्या हातोड्यापाशी."

"अवो, पण पोट्टीचं काम..." स्वरदाची आई लताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"काम उद्या होते," अनंतराव म्हणाले. त्यांनी माझ्या काचेवर कुंकवाचे बोट लावले आणि झेंडूचे फूल ठेवले. मी हातोड्याच्या शेजारी पाटावर बसलो.

मला खरे सांगायचे तर फार बरे वाटले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला ओवाळले होते. पण पाच वाजले तेव्हा काय झाले, ते मला नंतर कळले. स्वरदाला कंपनीला एवढेच लिहायचे होते की फोन आज मिळणार नाही, एक दिवस थांबा. पण कारण काय सांगणार? फोन पूजेला बसला आहे? बारा मजल्यांच्या इमारतीतले लोक हसतील, असे तिला वाटले. तिने आपल्या नव्या फोनवर आवृत्ती चालवून पाहिली. ती उत्तम चालली. मग तिने दोन चौकटींत खुणा केल्या, एक नव्या फोनच्या आणि एक माझ्या. मी तेव्हा फुलाखाली बंद पडून होतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. शेजारचे गंगाधरकाका सोनपत्ती, म्हणजे आपट्याची पाने, द्यायला आले. जवळच्या उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये ते भट्टीवर होते आणि त्यांची बायको तिकडे महाराष्ट्रात तुमसरला सासूपाशी राहायची. पाळ्यांच्या वेळा अशा की दोघांचे बोलणे आठवड्यातून एकदा होई. पण दोघांची 'सुखी गाव' मध्ये गावे होती, शेजारीशेजारी. ती दुपारी त्यांच्या वावरात काहीबाही लावून जायची, हे पाळी संपल्यावर जाऊन पाहायचे. वांगी दिसली की बाई खुशीत, नुसती मेथी दिसली की काहीतरी बिनसले आहे. असा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकत नसे.

त्या दिवशी त्यांनी पाने दिली आणि लगेच खिशात हात घातला.

"पोरी, माह्यं गाव कुठं गेलं?" त्यांनी आपला फोन पुढे केला. तोही माझ्याच जातीचा, मंद. पडद्यावर नुसती मोकळी जमीन होती. "विहीर नाही, बैल नाही. तिकडे तिचंही गेलं म्हणते. रडून राहिली थे. तू त्याच कंपनीत आहे ना? तूच तपासते ना हे?"

"हव, काका," स्वरदा म्हणाली आणि तिने त्यांचा फोन हातात घेतला.

झाले होते असे. माझ्यासारख्या जुन्या फोनांत खेळ आपल्या गावाची किल्ली एका ठरावीक जागी ठेवी. नव्या आवृत्तीने ती जागाच पुसली होती. गावे कंपनीच्या यंत्रांत शाबूत होती, पण कोणते गाव कोणाचे, हे सांगणारी किल्ली नव्हती. हजारो लोकांची अशी गत झाली. दुपारपर्यंत कंपनीचा प्रश्न आला, एकाच ओळीचा: जुना फोन रायपूरला तपासला होता का?

स्वरदा पाटासमोर बसली. अजून पूजा उतरवली नव्हती. तिने वडिलांना सगळे सांगितले. आता चिडतील, पूजेवर खापर फोडले म्हणतील, असे तिला वाटले असावे. अनंतराव पाटाजवळ येऊन बसले.

"मले सांगतलं असतं, तर मी सोता तुले तो देवापुढून उचलून देल्ला असता," ते म्हणाले. "थोडा माह्याही आडमुठेपणा झाला. पण स्वरू, मी तेहतीस वर्षं डब्यायवर खडू मारला. ज्या चाकाले हातोडा लावला नाही, त्या डब्यावर खडू मारला नाही. साहेब बोंबलून राहायचा, गाडी लेट होते म्हणून. होऊ दे म्हटलं लेट. देवाले एक दिवस कमी चालते बेटा, खोटा खडू नाही चालत."

"नोकरी जाईल, बाबा."

"गेली तर गेली. त्या गंगाधरले काय सांगशीन?"

तिने लिहिले. रडत लिहिले, पण सगळे लिहिले. फोन पूजेला होता, मी तपासला नाही, खूण खोटी आहे. मग पाठवून दिले.

उत्तर आले नाही, थेट फोन आला. पडद्यावर फांग मॅडम होत्या. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखले असते. रागावणे त्यांनी नंतरवर टाकले. आधी एकच विचारले, सत्तेचाळीस नंबर कालपासून बंदच आहे का? स्वरदा म्हणाली, हो. मग त्या जवळजवळ ओरडल्या, त्याला नेट लावू नकोस! बाकी सगळ्या फोनांवर नवी आवृत्ती आपोआप चढली होती. जुन्या किल्लीसकट जसाच्या तसा राहिलेला, कंपनीच्या हाताशी असलेला एकच फोन उरला होता, आणि तो झेंडूच्या फुलाखाली होता.

अनंतरावांनी घाईघाईने नमस्कार करून मला पाटावरून उचलले आणि लेकीच्या हातात दिले. दोन दिवस तिकडचे इंजिनियर सांगत राहिले आणि स्वरदा माझा एकेक कप्पा उघडत राहिली. माझी किल्ली पाहून त्यांना बाकीच्या किल्ल्या कशा घडल्या होत्या ते उमगले. तिसऱ्या दिवशी लोकांची गावे परत आली. गंगाधरकाका उरल्याहून कामाच्या कपड्यांतच धावत आले. वावरात वांगी होती.

शिक्षा मात्र झाली. स्वरदाला सहा महिने खूण करण्याचा अधिकार नव्हता, आणि ते बरोबरच होते. मधे एकदा फांग मॅडमनी माझ्या काचेवरचा लाल डाग कसला ते विचारले. स्वरदाने लाजत सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, खानावळीवरच्या खोलीत आम्हीही नवा खेळ सोडायच्या दिवशी उदबत्ती लावत असू. तू एक दिवस मागितला असतास, तर मी दिला असता. हे ऐकून स्वरदा जितकी रडली, तितकी शिक्षेने रडली नव्हती. त्या दिवसापासून कंपनीत नियम झाला की खुणेबरोबर फोन हातात धरलेला फोटो पाठवायचा.

पुढच्या वर्षी दोन देशांचे बिनसले आणि असे चिनी खेळ इकडे बंद झाले. गंगाधरकाकांना वाईट वाटले, पण या वेळी ते विचारायला आले नाहीत, सांगायला आले. "तू आधी सांगतलं होतं ना बंद होणार म्हणून. आम्ही दोघंही जाऊन विहिरीले हात जोडून आलो." आता त्यांची बायको इथेच राहायला आली आहे. स्वरदा दुसऱ्या कंपनीत तपासणीचेच काम करते.

माझे पोट यंदा उन्हाळ्यात फुगले. अनंतराव म्हणाले, याले आता सिक लाइनले लावा. नादुरुस्त डबे जिथे उभे करतात, ती ही लाइन. स्वरदाने दुकानात नेऊन माझी बॅटरी काढवली, पण मला भंगारात दिले नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला कपाटात जागा द्या असे मी म्हणत नाही, ज्याची त्याची अडचण असते. माझे मागणे लहान आहे. ज्याला हात लावला नाही, त्याच्यापुढे खूण करू नका. कुठेतरी कोणाचे तरी गाव त्या खुणेच्या भरवशावर उभे असते.

काल खंडेनवमी होती. लताबाईंनी पाट मांडला, हातोडा ठेवला, त्याच्या शेजारी मला ठेवले. अनंतरावांनी मला हातात घेतले, बोटाने काचेवर दोनदा टकटक केले आणि कान लावून ऐकले. मग खिशातून खडूचा तुकडा काढून पाठीवरच्या सत्तेचाळीसखाली एक खूण केली. यंदा मला बंद करावे लागले नाही.