शेवटचा सरळ फोटो

छायाचित्रकार काळाला थांबवतो. हे वाक्य आमच्या कॅमेरा क्लबच्या बॅनरवर ठळक अक्षरांत छापलेलं आहे, आणि त्याच्याखाली, जरा जास्त ठळक अक्षरांत, प्रायोजक लोणचेवाल्याचं नाव आहे. मार्चमधल्या त्या रविवारी हे बॅनर लोणी काळभोरच्या एका शेतघरावर बांधलेलं होतं. त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या अनंतरावांचं तोंड वाकडं झालं. आम्हाला ते आधी कलात्मक वाटलं.

अनंतराव शनिवार पेठेतले, रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. क्लबात त्यांचं मुख्य काम दुसऱ्यांच्या फोटोंना नावं ठेवणं, आणि ते काम ते मन लावून करत. एकाने सूर्यास्ताचा फोटो दाखवला तेव्हा म्हणाले होते, "सूर्य छान आहे. पण तो काही तुम्ही केलेला नाही."

कार्यशाळा शनिवार-रविवारची होती. शिकवायला दिग्विजय सर होते. अंगात पुष्कळ खिशांचं जाकीट, खिशांत काही नाही. शनिवारी सकाळीच त्यांनी एक कापडी पिशवी फिरवली आणि सगळ्यांचे मोबाइल आणि घड्याळं तिच्यात जमा केली.

"घड्याळ बघणाऱ्याला प्रकाश दिसत नाही," ते म्हणाले.

"माझी ब्लडप्रेशरची गोळी दुपारी असते," अनंतराव म्हणाले. "ती प्रकाश बघून घेऊ का?"

"भूक लागली की घ्या."

"सर, तुम्ही डॉक्टर झाला असतात तर दवाखाना लवकर रिकामा झाला असता."

सगळे हसले. सरही हसले, पण पिशवी परत केली नाही.

रविवारी पिशवी पुन्हा फिरली, मग जोड्या पाडल्या. दिवसभर एकाच माणसाचा चेहरा टिपायचा. अनंतराव यज्ञेश्वररावांच्या वाट्याला आले. यज्ञेश्वरराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा आमोद न्यू जर्सीला असतो. कॅमेरा त्यानेच तिथून आणून दिलेला, आणि किंमत कुणी विचारली नाही तरी यज्ञेश्वरराव ती सांगत.

सकाळपासून ते अनंतरावांना विहिरीवर, दारात, उसाच्या कडेला बसवत होते. अनंतराव पहिल्यापासून सूचना करत होते. मग मध्येच त्या बंद झाल्या. यज्ञेश्वररावांनी भिंगातून पाहिलं तर अनंतरावांच्या तोंडाचा एक कोपरा खाली आला होता. "वा! असंच ठेवा!" ते ओरडले. अनंतरावांनी असंच ठेवलं.

जेवताना अनंतरावांच्या हातून वाटी कलंडली. ऊन लागलं असेल, असं सर्वानुमते ठरलं. त्यांना डोक्याला ओला रुमाल बांधून सावलीत बसवलं, आणि सरांनी आम्हाला स्वतःचे हिमालयातले फोटो दाखवले. हिमालय बराच मोठा आहे.

शेवटच्या सत्राला घरच्यांना आमंत्रण होतं. अनंतरावांच्या पत्नी हेमाताई आल्या तेव्हा खोलीत अंधार होता आणि पडद्यावर त्यांच्या यजमानांचा चेहरा होता, दाराएवढा. सर बोलत होते.

"या चेहऱ्यात द्वंद्व आहे. ही बाजू अजून जगते आहे. ही बाजू आठवते आहे."

"प्रकाश एकीकडून आला की असं होतं," कुणी तरी म्हणालं.

"लेन्समुळेही होतं," दुसरं कुणी तरी म्हणालं.

अनंतराव पहिल्या रांगेत होते. स्वतःच्या फोटोची एवढी चर्चा चालू असून ते एक शब्द बोलले नाहीत, याचं आम्हाला कौतुक वाटत होतं. माणसात बदल होतो म्हणतात, तो हाच.

"अहो, दिवे लावा!" हेमाताई म्हणाल्या. "ह्यांचं तोंड वाकडं झालंय आणि तुम्ही लेन्स काय बघताय?"

दिवे लागले. अनंतरावांचा चेहरा पडद्यावरच्या फोटोसारखाच होता. हेमाताईंनी त्यांना हात वर करायला सांगितलं. डावा वर गेला. उजवा मांडीवरच राहिला आणि अनंतराव त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले.

सोलापूर रस्त्यावरच्या एका इस्पितळात नेलं. स्कॅन झटपट झाला. डॉक्टर तरुण होत्या आणि तुटक बोलत होत्या.

"मेंदूत गुठळी आहे, रक्तस्राव नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल. पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत. त्यानंतर धोका जास्त. शेवटचं त्यांना ठणठणीत कधी पाहिलं?"

"सकाळी सातला," हेमाताई म्हणाल्या. "जाताना मला म्हणाले, पोह्यांत मीठ नाही."

"सातपासून धरलं तर वेळ संपलीय. त्यानंतर कुणी पाहिलं?"

आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. घड्याळ कुणीच पाहिलं नव्हतं. डॉक्टरांना हे समजावून सांगायला थोडा वेळ गेला.

तेवढ्यात यज्ञेश्वरराव पुढे झाले. "माझ्याकडे पुरावा आहे!" कॅमेऱ्यात सगळे फोटो क्रमाने होते. विहिरीवर सरळ, दारात सरळ, उसाच्या कडेला सरळ, आणि पुढचा वाकडा. छायाचित्रणाचा कुणाला तरी उपयोग होण्याची क्लबच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

"शेवटच्या सरळ फोटोची वेळ सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "मी इंजेक्शन तयार ठेवते." आणि आत गेल्या.

फोटोवर वेळ होती रात्रीचे दोन.

"न्यू जर्सीची वेळ आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "आमोदने लावलेली. साडेनऊ तास मिळवा. साडेअकरा."

"साडेदहा तास मिळवा," सर म्हणाले. "मी जाऊन आलोय. साडेबारा."

"तुम्ही थंडीत गेला होतात. मार्चात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात."

"ते लोक करतात. तुमचा कॅमेरा करतो का?"

"महागाचा आहे. करत असेल."

"अहो, पण एका तासाने काय होतं?" हेमाताईंनी विचारलं.

साडेअकरा धरले तर वेळ चारलाच संपली होती. साडेबारा धरले तर पाचपर्यंत हातात होती. हे कळल्यावर हेमाताई म्हणाल्या, "मग आमोदला फोन करा ना!"

आमोदचा नंबर यज्ञेश्वररावांच्या फोनमध्ये होता. फोन पिशवीत होता. पिशवी लोणीला होती. मुलाचा नंबर पाठ आहे का, असं हेमाताईंनी विचारल्यावर यज्ञेश्वररावांनी पहिले सहा आकडे सांगितले. बाकीचे फोनला पाठ होते.

सरांनी कॅमेरा हातात घेतला. "प्रकाशावरून सांगतो. नाकाची सावली बघा, अगदी आखूड आहे. म्हणजे ऊन डोक्यावर. साडेबाराच!"

"ती सावली उन्हाची नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले. "मी फ्लॅश मारला होता."

"भर उन्हात?"

"तुम्हीच शिकवलंत काल."

यावर वाद झाला. भर उन्हात फ्लॅश कधी मारावा आणि कधी मारू नये, यावर क्लबात दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांची माणसं तिथे हजर होती. हेमाताई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

डॉक्टर बाहेर आल्या. "काय ठरलं?"

दोन्ही बाजू एकदम बोलल्या.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाल्या. "कॅमेऱ्यात आत्ता किती वाजलेत?"

यज्ञेश्वररावांनी पाहिलं. "सकाळचे सहा चाळीस."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग आम्हीही पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही बरोबर त्याच्याखाली उभे होतो.

"साडेदहा तासांचा फरक," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे साडेबारा. पाचपर्यंत देता आलं असतं." आणि हेमाताईंना बाजूला घेऊन त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"मी म्हणत होतो साडेदहा," सर म्हणाले.

अनंतराव तीन आठवड्यांनी घरी आले. थोडं बोलतात, तेही हेमाताईंनाच कळतं. उजवा हात अजून उचलत नाही. क्लबने वर्गणी काढून त्यांचा सत्कार केला आणि त्यांना नवा कॅमेरा भेट दिला. त्यांनी तो डाव्या हातात धरून आमच्यावर रोखला.

कॅमेऱ्याचं बटण उजवीकडे असतं.