उघडा राहिलेला नळ

आमच्या वेल्सच्या डोंगरात ऑक्टोबर लागला की माझा भाऊ इद्वल नळाच्या मागे लागायचा. झऱ्यापासून गोठ्यापर्यंतचा नळ निम्मा उघड्यावर. त्याला पेंढ्याची वेणी गुंडाळायची, वरून गोणपाट, त्यावर सुतळी, आणि जिथे तो जमिनीतून वर येतो तिथे ताज्या शेणाचा ढीग. शेणाची ऊब थंडीभर पुरायची. हे काम तो आणि त्याचा मुलगा गेथिन मिळून करायचे, एकमेकांच्या गाठींना नावं ठेवत.

त्या वर्षी मे महिन्यात उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि गेथिन त्याखाली सापडला. मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं पोराला.

ऑक्टोबर आला नि गेला, इद्वल नळाकडे फिरकला नाही. डिसेंबरात अचानक वारा फिरला, बादलीतलं पाणी दुपारीच गोठायला लागलं, तेव्हा तो धावला. मीही मदतीला गेले. पण उन्हाळाभर पावसानं झोडपलेलं, पेंढा थोडाच झालेला; होता तेवढा गाईंखाली गेलेला. खुराकही आताशा प्लास्टिकच्या पोत्यांतून येई, गोणपाट मिळेना. त्यानं घरातली घोंगडी गुंडाळली, स्वतःचा स्वेटर गुंडाळला. वळणाचा तुकडा तरीही उघडाच राहिला. मग तो घरात गेला आणि गेथिनचा कोट घेऊन आला.

"इद्वल, तो नको रे," मी म्हटलं.

"लोकरीचा आहे. जाड आहे." माझ्याकडे न बघताच तो शेणानं भरलेल्या हातांनी बाह्या आवळू लागला.

तेवढ्यात वहिनी, टेगवेन, कोंबड्यांना दाणे घालून परतली.

"काढ तो."

"अगं, नळ फुटेल. गाईंना पाणी—"

"मसणात जाऊ देत तुझ्या गाई! काढ म्हणते ना!"

"किती दिवस खुंटीला टांगून ठेवणार आहेस? तो येणार नाहीये घालायला!"

बोलून गेला आणि त्याचाच चेहरा पडला. टेगवेननं खाली बसून दातांनी सुतळी तोडली, कोट सोडवला आणि तोंडाशी धरला. मे महिन्यापासून तिनं तो धुतला नव्हता.

"शेणाचा वास येतोय," ती म्हणाली. "त्याचा गेला."

ती आत गेली. इद्वलनं अंगातला कोट काढून वळणावर बांधला आणि नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत उभा राहिला. मी ओढत त्याला घरी नेलं.

नळ फुटायचा तो फुटलाच. सकाळी गाई हंबरत होत्या. झऱ्यावरचा बर्फ फोडून आम्ही बादल्या वाहू लागलो. थोड्या वेळानं टेगवेनही आली, तिनं एक बादली उचलली. दुपारपर्यंत तिघं वाहत होतो. शेवटी इद्वल म्हणाला, "टेगवेन, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं गं."

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "गाई तहानेनं मेल्या असत्या. पण मला तुझ्याकडे बघवत नाही, इद्वल. मी काय करू?"

इद्वल रिकामी बादली घेऊन झऱ्याकडे वळला.

वसंतात गाई विकल्या. टेगवेन थोडे दिवस म्हणून समुद्राकाठी बहिणीकडे गेली, ती तिकडचीच झाली. इद्वल रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. तिची खुशाली तो कधी विचारत नाही. मीच सांगते, सर्दी झाली होती, आता बरी आहे, असं काहीबाही. तेव्हा तो जेवायचा थांबतो, आणि माझं सांगून संपलं तरी बराच वेळ तसाच बसतो.