पुलावरची पंचेचाळीस मिनिटं

संशोधक बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि आलेखावर पेनाचं टोक टेकवलं.

"हे तुमच्या भावाचे तीन महिने. सुरुवातीला बघा, रोज नऊ-नऊ हजार पावलं! आम्हाला वाटलं, गडी सुधारला."

टपालवालीने पिशवी मांडीवर ओढून घेतली. गडी कुठला सुधारतोय? तो घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. चालत होता तो त्याचा फोन, तिच्या टपालाच्या पिशवीत, पत्रांच्या गठ्ठ्याखाली.

तिने हे हौसेनं केलं नव्हतं. या अभ्यासात नाव घातलं की माणूस किती हलला, किती झोपला, कुठे गेला, सगळं फोन आपोआप टिपून पाठवायचा. त्या बदल्यात दर गुरुवारी समुपदेशक बाई घरी येत. पण फोन सलग तीन दिवस जागचा हलला नाही, की नाव कटायचं. भावानं तर पहिल्याच आठवड्यात तो गादीखाली सारला. अंथरुणातून न उठणाऱ्यांच्या अभ्यासातून न हलणाऱ्याचंच नाव कापायचं, हे कुणा दीडशहाण्याला सुचलं देव जाणे! गुरुवारी भाऊ त्या बाईंशी चार शब्द बोलायचा. आठवड्यात तेवढेच. त्या चार शब्दांसाठी तिने फोन पिशवीत टाकला. समुपदेशनात काय घडतं ते संशोधकांना कळवायचं नाही, असा नियम होता, म्हणून सोंग इतके दिवस टिकलं.

चोराच्या मनात चांदणं. सकाळी बोलावणं आलं तेव्हाच तिला वाटलं होतं, आता बिंग फुटणार.

"पण मागचा महिना बघा," बाई म्हणाल्या. "रोज दुपारी एकच जागा. कालव्याचा पूल. आधी दहा मिनिटं, मग वीस, आता पंचेचाळीस. तसूभर हालचाल नाही. काय करतो तो तिथे?"

आलेखावरच्या त्या सपाट रेघेकडे ती बघत राहिली. पत्रं वाटून झाली की ती तिथे कठड्याला टेकायची. पाय दुखतात म्हणून, असंच तिने स्वतःला सांगितलं होतं. पंचेचाळीस मिनिटं होतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

"पाणी बघतो," ती म्हणाली.

"तुम्हाला तसं म्हणाला?"

"हं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे लक्षण चांगलं नाही. आजपासून समुपदेशन आठवड्यातून दोनदा. आणखी सहा महिने. मी आत्ताच लिहून देते."

दोनदा. म्हणजे आठ शब्द. घशाशी आलेलं खरं तिने गिळून टाकलं. कबूल केलं तर हा नवा दिवसही जाणार आणि गुरुवारही. तिला संताप आला. भावाचा, त्या फोनचा, समोर बसलेल्या या भल्या बाईचासुद्धा.

"त्याला एकटं सोडू नका हं," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "लक्ष ठेवायला घरी कुणी आहे ना?"

"मी आहे की," टपालवाली म्हणाली आणि पिशवी खांद्याला अडकवून उठली. दुपारची पत्रं अजून वाटायची होती.